काळ्या भिंतीवरचे पिकलेले केस

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे हल्ली जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगे वाकतात तेवढ्यांचाच स्वीकार व्हावा.)

रविवारची संध्याकाळ झाली की आपण दोघी मागच्या पायरीवर बूट पांढरे करायला बसायचो, ते आठवते का ग? सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत सिस्टर आधी आपले पाय बघायच्या आणि मग तोंड. तू शिस्तीत नाड्या काढून वेगळ्या धुवायचीस, चिखल घासून काढायचीस आणि मगच पांढऱ्याचा पातळ हात द्यायचीस. मी चिखलावरूनच थापायचे. ओले असताना ते सगळे इतके मळकट दिसायचे की मी रडकुंडीला यायचे, आणि तू मान वरसुद्धा न करता म्हणायचीस, ‘वाळू दे ग, वाळला की होतो पांढरा.’ व्हायचाही. फक्त चालताना माझ्या बुटांचे पापुद्रे पडायचे, आणि हॉलपासून वर्गापर्यंत मी कुठून कशी आले हे सिस्टरना वाचता यायचे. आई दारातून बघत एकदा म्हणाली होती, ‘एक धुते आणि एक झाकते.’ एवढ्या वर्षांत तिचे हे शब्द खोटे पाडायची संधी मला बरेचदा मिळाली होती, मी ती घेतली नाही. उलट सध्या जरा मोठे काम झाकायला घेतले आहे, त्याचीच ही हकीकत.

पण आधी तुझी तब्येत. मोतीबिंदू काढल्यापासून लांबचे कितपत दिसते? (हे नुसते विचारायचे म्हणून विचारत नाही, पुढे कळेल.) भावोजींची कवळी तोंडात बसली, की अजून खिशातच असते? माझे ठीक आहे. पाठ दुखते, पण ती नेहमीसारखी नाही. शिडीवर उभे राहून दुखते, आणि अशा दुखण्यात एक वेगळाच रुबाब असतो. फोनवर हे सगळे सांगता आले असते. पण फोन केला की चिरंजीव वर्तमानपत्र वाचायच्या निमित्ताने शेजारी येऊन बसतात आणि पान काही उलटत नाहीत. म्हणून पत्र.

तर गेल्या वर्षी सूनबाईने मला चित्रकलेच्या वर्गात घातले. ‘घातले’ असेच म्हणायचे, कारण पहिल्या दिवशी ती सोडायला आली होती आणि पाण्याची बाटली विसरले म्हणून परत येऊन देऊन गेली. मी स्वयंपाकघरातले डबे सारखे नव्या क्रमाने लावते आणि मग तिला हळद सापडत नाही, हे खरे कारण. ‘आई, तुमचा वेळ चांगला जाईल’ हे सांगायचे कारण. आमचे सर माझ्या मुलापेक्षा लहान आहेत. दाढी राखली आहे, पण ती अजून पूर्ण हजर झालेली नाही. माणूस सज्जन, फक्त जलरंगाच्या बाबतीत फार कर्मठ. त्यांच्या शास्त्रात पांढरा रंग वापरणे म्हणजे पाप. पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा, आधीपासून ठरवून, जपून, भोवतीने रंग नेत. पांढऱ्या रंगाची ट्यूब उघडली की तुम्ही चुकलात याची कबुली दिलीत. ड्रॉइंगच्या सिस्टर आपल्याला हेच शिकवायच्या ना? ‘मुलींनो, देवदूतांसाठी जागा सोडा.’ मी एवढी जागा सोडायचे की माझ्या चित्रात देवदूत सोडून दुसरे काही मावायचेच नाही.

या खेपेला मात्र मला राग आला. मी सरांना म्हटले, या वयात कोरा कागद मला कुठून आणून देता? माझा कागद केव्हाच भरून गेला. आता पांढरे हवे असेल तर वरून लावण्याशिवाय गत्यंतर नाही. सर हसले. त्यांना वाटले मी विनोद केला. (आपल्या वयाच्या बाईने खरे सांगितले की लोक हसतात, हे तुझ्याही लक्षात आले असेल.) त्याच दिवशी मी दुकानातून पांढऱ्या गॉशची सर्वांत मोठी ट्यूब आणि काळ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आले. गॉश म्हणजे आपल्या शाळेतल्या पोस्टर कलरचा शिकलासवरलेला चुलतभाऊ समज. पाण्यात कालवायचा, पण दाट, खालचे झाकतो. सर्वांत आधी लसणीचा गड्डा काढला. काळ्यावर पांढरी लसूण अशी काही उजळली की मी एकटीच बसून टाळ्या वाजवल्या. वर्गात एकीने तिला चंद्र म्हटले, दुसरीने कोबी. सर बराच वेळ बघत राहिले आणि ‘तंत्र म्हणून ठीक आहे’ असे म्हणाले. त्यांच्या तोंडून हे निघणे म्हणजे सिस्टरने शिट्टी वाजवण्यासारखे आहे.

आता भिंतीचे सांगते. मागे मी तुझ्याकडे महिनाभर राहायला आले होते, त्या वेळी माझ्या पश्चात चिरंजीवांनी माझी खोली रंगवून घेतली. मला आनंदाचा धक्का द्यायचा होता म्हणे. परत आले तर पलंगासमोरची अख्खी भिंत काळी! काळी आणि वर खडबडीत, कुणीतरी लापशी थापून वाळवल्यासारखी. ‘टेक्स्चर आहे आई, लेटेस्ट,’ असे चिरंजीव म्हणाले. मी ‘वा’ म्हटले. (आईपणात हा शब्द फार वापरावा लागतो.) पण सकाळी डोळे उघडावेत तर समोर खाणीचे तोंड. कॅलेंडर टांगले तर तेही बिचारे आत ओढल्यासारखे दिसायचे. हे असते तर म्हणाले असते, अग, दोन दिवसांत सवय होईल. झाली नाही. आणि एका दुपारी, लसूण, अंडी, कपबशा, सुनेची घडी न घातलेली पांढरी चादर असे सगळे काळ्या कागदावर काढून झाल्यावर मी मान वर केली आणि मला दिसले की खाण वगैरे काही नाही. हा तर कागद आहे. माझ्या खोलीत, माझ्या नावाने, छतापर्यंत लावून दिलेला.

मग काय काढायचे याचा विचार करावा लागला नाही. आईच.

तुला माहीत आहे, आईचा फोटो आपल्याकडे एकच, आणि त्यात ती फोटोग्राफरला ‘किती वेळ लावतोस रे’ म्हणत असल्यामुळे तोंड हललेले. नाकाच्या जागी धुके आहे. तेव्हा मी फोटो ड्रॉवरमध्येच ठेवला आणि आठवणीने सुरुवात केली. पहिल्या दिवशी कपाळ, गाल, केस झरझर मारले. ओले असताना असे लख्ख दिसले की मला हुंदका आला. चहा करून आले तो आई अर्धी बुडालेली. या रंगाचे आपल्या बुटांच्या नेमके उलटे. ओला असताना पांढरा, वाळला की खालचे काळे त्याला पिऊन टाकते. म्हणून मी पुन्हा वरून घासला, जोर लावून. तर खालचा थर भिजून उठला आणि आई दोन दिवस पावसात भिजून सर्दी झाल्यासारखी राखाडी झाली. तेवढ्यात बेल वाजली. गॅसवाला. दार उघडले तर तो दोन पायऱ्या मागे सरला आणि ‘आजी, घरात कुणी आहे का?’ असे विचारू लागला. आरशात पाहिले तेव्हा कळले की दोन्ही गालांना आणि भुवयांना पांढरे फासलेले होते. मी म्हटले, मीच आहे. तो म्हणाला, तेच ना.

सरांना विचारले नाही. अभिमान आडवा आला. मग लसणीनेच शिकवले. पांढरा रंग घासायचा नसतो. ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. वाळला की पुन्हा ठेवायचा. सगळीकडे सारखा पांढरा लावला की चेहऱ्याचे पीठ होते, म्हणून आधी पाणी जास्त घेऊन धुरकट चेहरा आणायचा, आणि खरा दाट पांढरा अगदी शेवटी, नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठावर, डोळ्यात एकेक ठिपका. आणि ती भिंतीची लापशी, जिला मी इतकी नावे ठेवली, तिने तर कमालच केली. ब्रश जवळजवळ कोरडा करून वरवर ओढला की रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खळग्यांत काळे तसेच राहते. आणि बघता बघता केस होतात. पिकलेले, भुरभुरणारे, कानामागून सुटलेले केस. एकही केस मी वेगळा काढलेला नाही, देवाशपथ. हात फिरवत गेले आणि ते येत गेले.

डोळ्यांतले ठिपके दिले त्या संध्याकाळी चिरंजीव माझ्या खोलीत आले. माझ्या खोलीला बाल्कनी आहे आणि जेवणानंतर ‘जरा हवा खाऊन येतो’ म्हणून ते तिथे जातात. कसली हवा खातात ते सिगारेटच्या वासावरून मला आणि सूनबाईला ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही. दाराशी आले आणि तिथेच थांबले. भिंतीकडे पाहिले, बाल्कनीकडे पाहिले, पुन्हा भिंतीकडे. हात खिशातून बाहेर काढला आणि हवा न खाताच परत गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “आई, ते जरा जास्तच होतेय.”

“काय जास्त होतेय?”

“ते डोळे ग. कुठूनही गेलं तरी बघतात.”

“तुझ्या आजीची नजर तशीच होती.”

“आजीचे केस काळे होते. फोटो पाहिलाय मी. ही आजी कशावरून?”

“मग काय तिने वयच वाढवू नये? तुझे वाढले, माझे वाढले.”

सूनबाई ताटात बघून हसत होती. तिचा तसा विरोध नाही. चित्र छान आहे हो, पण मला पंखा लावताना उगाचच पदर, म्हणजे ओढणी सारखी करावीशी वाटते, असे ती म्हणाली. मग चिरंजीवांनी ती कोण दिसते आहे याबद्दल आपले मत सांगितले. ते इथे लिहीत नाही, तुला बीपी आहे. आणि शेवटी जाहीर केले की सोमवारी रंगाऱ्याला बोलावले आहे, भिंत होती तशी करून घेऊ.

ताई, मी आयुष्यात फार वेळा ‘नाही’ म्हटलेले नाही. शाळेत हात बाकावर ठेव म्हटले की ठेवले, घोटे जुळवून बस म्हटले की बसले, इथेही कपाट हलव म्हटले की हलवले, खोली बदल म्हटले की बदलली. पण सोमवारी चिरंजीव रंगाऱ्याला घेऊन आले तेव्हा मी भिंतीपुढे खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर विणकाम, आणि घोटे मुद्दाम न जुळवता. रंगारी भिंतीकडे बघून कळवळलाच. आईसाठी नव्हे; त्या लापशीसाठी. ती भिंत म्हणजे त्याच्या हातची सर्वांत चांगली भिंत. गिऱ्हाइकांना तो तिचे फोटो दाखवतो. “मावशी, काय केलंत हो हे! असा पोत पुन्हा जमायचा नाही,” असे तो म्हणाला, आणि मला पहिल्यांदा त्या माणसाविषयी आपलेपणा वाटला. मी त्याला जवळ बोलावून केस दाखवले. म्हटले, हे तुमच्या पोतावर उमटलेत, गुळगुळीत भिंतीवर सात जन्मांत जमले नसते. तो नाक लावून बघत राहिला. मग म्हणाला, हे टिकवायचे तर वरून पारदर्शक हात द्यायला हवा, आणि रंग किती पक्का आहे ते बघू म्हणून ओला स्पंज घेऊन आईच्या कानाला लावला. कान गेला. अख्खा. स्पंजवर आला. आम्ही तिघेही काही क्षण त्या स्पंजकडे बघत होतो, आणि चिरंजीवांच्या तोंडावर जी आशा उगवली ती मी जन्मात विसरणार नाही. “बघ आई, किती सोपं आहे,” असे म्हणाले. मी उठले नाही. म्हटले, सोपे आहे ना? मग घे स्पंज, आणि तूच पूस. रंगाऱ्याला कशाला त्रास?

त्यांनी स्पंज घेतला. भिंतीजवळ गेले. वर पाहिले. (कपाळ उंच आहे, हात पुरतो, पण डोळे वाटेत येतात.) आणि स्पंज रंगाऱ्याला परत दिला. रंगाऱ्याने तो बादलीत टाकला, मला दुसऱ्या घरी काम आहे म्हणाला, आणि गेला. जाताना मोबाइलमध्ये फोटो काढला. पण फ्लॅशमुळे त्यात नुसती खरखरीत भिंत आणि मधे एक पांढरा ढग आला. त्यामुळे फोटो पाठवून तुझे मत घेण्याचा मार्गही बंद झाला.

कारण आता तुझ्याच मतावर सगळे आले आहे. चिरंजीवांनी तोड काढली ती अशी: आजीला नीट पाहिलेली माणसे जगात आता दोनच, तू आणि मी, आणि माझे काही धरता येणार नाही. तेव्हा मावशीला बोलवू. मावशी समोर उभी राहून ही आजीच म्हणाली, तर भिंत राहील, कान पुन्हा काढ, वरून काचही बसवून देतो. आणि मावशी नाही म्हणाली, तर त्याच दिवशी भिंत काळी. ‘पण मावशीला डोळ्यांनी नीट दिसतं ना आता?’ असेही विचारले. मी म्हटले, गरुडासारखे.

मी अट मान्य केली आहे. खुर्ची मात्र हलवलेली नाही. जेवणही तिथेच करते. वर्गात सरांना सांगितले तर ते म्हणाले, भिंतीवर गॉश फार टिकत नाही हो, दमट हवेत बुरशी धरते. मी म्हटले, मीही दमट हवेत फार टिकणार नाही, आमचे जमेल. या खेपेला ते हसले नाहीत. बहुधा शिकताहेत.

तर तू ये. पुढच्या आठवड्यात ये. भावोजींना कवळीसकट घेऊन ये. सर्वांना यथायोग्य सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. चिरंजीवांचे मत मी वर लिहिले नव्हते. ते म्हणतात, ही आजी नाही, ही मावशी आहे. मावशी मला रोज सिगारेट ओढताना पकडते.

ता. क. २. म्हणून येताना केस काळे करून ये. पार्लरमध्ये जा, भावोजी हसले तर हसू दे. आणि भांग डावीकडे पाडू नकोस, मधे पाड. भिंतीशेजारी उभी राहू नकोस, समोर उभी राहा, लांबून बघ आणि म्हण, ‘ही आईच.’ चेहरा सरळ ठेव. तुला खोटे बोलता येत नाही हे मला माहीत आहे. सिस्टरपुढे तुझे कान लाल व्हायचे. कानावरून केस घे.

ता. क. ३. खरे तर हे खोटे नाही, आणि यासाठीच मी एवढे लांबलचक लिहिले. आई गेली तेव्हा आपल्या आजच्या वयाच्या मानाने पोरच होती ग. तिच्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता. तिला म्हातारी झालेली कुणी पाहिलीच नाही. मागे तुझ्याकडे होते तेव्हा तू त्या काळ्या कपाटाला टेकून चष्मा पुसत बसली होतीस, चष्म्याशिवाय डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलेस आणि ‘काय बघतेस ग?’ असे विचारलेस. मी ‘काही नाही’ म्हटले. मला दिसली ती आई होती, तिला न मिळालेल्या वयाची. आता तू ठरव ती कोण ते. मी माझ्या परीने ठरवले आहे आणि खुर्चीवर बसले आहे.

ता. क. ४. सोबत चित्रे पाठवते आहे, ती अशी वाटून टाक. लसूण भावोजींना, कारण त्यांना ती लसूणच वाटेल. अंडी तुझ्या शेजारणीला. ती त्यांना मोती म्हणाली तरी सुधारू नकोस. चादर तुझी, आणि तिला घडी घालायची नाही. माझ्यामागे ट्यूबा आणि ब्रश सरांना, उघडून बघायला. शिडी सूनबाईला, हळद वरच्या फळीवर आहे. आणि भिंत चिरंजीवांना. हवी तर ठेवावी, नको तर पुसावी, त्यांना पूर्ण मुभा आहे. फक्त रंगारी बोलवायचा नाही, स्वतःच्या हाताने पुसायची, आणि सुरुवात डोळ्यांपासून करायची.